एआयने काम उरकतंय, पण हाती काही राहत नाहीये: काय तपासायचं, कुठल्या क्रमाने

हा एकच बिघाड मी आजवर डझनभर लोकांत तरी दुरुस्त केला असेल, आणि एकदा स्वतःत. मी पुण्यात एका कंपनीत डेटा टीम सांभाळते आणि शनिवारी सकाळी घरी चार-पाच जणांना एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, शिकवते. माणसं बदलतात, तक्रार तीच असते: ‘ताई, कामं सगळी वेळेत होतायत. पण मला काही येतंय असं वाटत नाही.’ दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते. उदाहरणं एसक्यूएलची आहेत, कारण माझा हात त्यात बसलाय. तुम्ही हिशेब शिकत असाल किंवा जर्मन व्याकरण, तपासणी हीच लागू पडेल.

लक्षणं

खालच्यांपैकी तीन-चार जुळली तर पुढे वाचा. एखादंच जुळलं तर चहा घ्या आणि कामाला लागा.

– नेट गेलं की कोऱ्या स्क्रीनवर पहिली ओळसुद्धा सुचत नाही.
– पंधरा दिवसांपूर्वीची स्वतःचीच क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) उघडली की ती दुसऱ्या कुणाची तरी वाटते.
– रिव्ह्यूमध्ये कुणी ‘हे असं का केलंस?’ विचारलं की तोंडातून ‘तसंच आलं होतं’ निघतं.
– एरर आला की न वाचताच कॉपी होतो. बोटं आधी, डोळे नंतर.
– उत्तर वाचताना मान डोलते, पण खिडकी बंद केली की दोन वाक्यंही सांगता येत नाहीत.
– तोच प्रश्न, जरा वेगळ्या शब्दांत, महिन्यात तिसऱ्यांदा विचारला जातो.

यातलं मान डोलण्याचं लक्षण सर्वांत फसवं, कारण ते त्रास म्हणून जाणवतच नाही, उलट बरं वाटतं.

बिघाड नेमका कुठे असतो

बाबांच्या जुन्या स्कूटरचा पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर अडकलेला असायचा. टाकी भरलेली असो की कोरडी, काटा अर्ध्यावरच. बाबा त्याच्याकडे बघायचेच नाहीत. गाडी दोन्ही हातांनी हलवायचे, आतला आवाज ऐकायचे आणि मग पंपावर जायचं की नाही ते ठरवायचे.

‘समजलं’ असं जे आतून वाटतं, तो असाच एक काटा आहे. वाचलेलं सोपं, सुटसुटीत आणि ओळखीचं वाटलं की तो वर चढतो. एआयचं उत्तर नेमकं तसंच असतं: भाषा गुळगुळीत, मुद्दे ओळीने लावलेले, खोडाखोड नाही. टाकीत थेंब नसला तरी काटा वर. म्हणून ‘मी आळशी झालोय’ हे निदान बहुतेक वेळा चुकतं. आलेली मुलं रात्री अकरापर्यंत काम करणारी होती, त्यांना आळशी कोण म्हणेल? बिघाड काट्यात होता. आपल्याला काय येतं, काय येत नाही यावर स्वतः नजर ठेवण्याला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅव्हेल यांनी १९७० च्या दशकात मेटाकॉग्निशन असं नाव दिलं. नाव जड आहे, काम टाकी हलवून बघण्याचंच आहे.

‘मग एआय बंदच करा ना’ हा उपायही मी करून पाहिलाय. एकदा टीममध्ये महिनाभर बंदी घातली. तीन दिवसांत सगळे फोनवर वापरायला लागले, आणि जी मुलगी प्रामाणिकपणे बंदी पाळत होती तिचंच काम मागे पडलं. शिवाय बंदीने काटा दुरुस्त होत नाही, गाडी नुसती उभी राहते.

तपासणी १: हे शिकायचंय का? (खर्च: दहा सेकंद)

टूलला प्रश्न विचारण्याआधी मनात एक शब्द ठरवा: ‘शिकायचंय’ की ‘उरकायचंय’. एवढंच.

ही तपासणी पहिली, कारण निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. क्रॉनची (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या सोयीची) ती पाच चांदण्यांची ओळ मी दर वेळी टूललाच विचारते आणि मला त्याची काडीचीही लाज वाटत नाही. वर्षातून चारदा लागणारी गोष्ट डोक्यात कशाला ठेवायची? पण जॉइन, म्हणजे दोन तक्ते जोडणं, रोज लागतो, आणि तो ‘उरकायचंय’च्या खणात गेला तर गडबड आहे. एकाने आठवडाभर असे शिक्के वहीत मारले. शुक्रवारी बघतो तर सगळे ‘उरकायचंय’. नोकरीला लागून त्याला चारच महिने झाले होते. पुढचं काही सांगावं लागलं नाही.

तपासणी २: जुन्या गप्पा उघडा (खर्च: पाच मिनिटं)

टूलमधला तुमचा इतिहास उघडा आणि शेवटचे दहा प्रश्न वाचा. उत्तरं वाचू नका, फक्त स्वतःचे प्रश्न वाचा. दोन गोष्टी मोजा. एक, किती प्रश्नांत तुमचा स्वतःचा अंदाज आहे (‘मला वाटतं चूक ग्रुप बायमध्ये आहे, कारण...’) आणि किती नुसते ‘हे दुरुस्त कर’ आहेत. दोन, एकच विषय किती वेळा परत आलाय.

आठवणीवर विसंबून ही मोजणी करू नका, कारण माणूस स्वतःबद्दल उदार असतो. २०२५ च्या सुरुवातीला मेटर या संशोधन संस्थेने ओपन सोर्सवर काम करणाऱ्या १६ अनुभवी प्रोग्रॅमरांकडून २४६ कामं करून घेतली, काही एआयसह, काही एआयशिवाय. सुरुवातीला त्यांचा अंदाज होता की एआयने वेळ २४ टक्के वाचेल. काम झाल्यावरही त्यांना वाटत होतं की २० टक्के वाचला. घड्याळाप्रमाणे वेळ १९ टक्के जास्त लागला होता. ही काही सगळीकडे लागू होणारी मोजणी नाही. माणसं थोडी, आपल्याच ओळखीच्या कोडवर काम करणारी. पण वर्षानुवर्षांचा अनुभव असलेल्यांचा काटा इतका चुकतो, तर आपण जरा नम्र राहिलेलं बरं.

तपासणी ३: आधी अंदाज, तोही कागदावर (खर्च: प्रत्येक प्रश्नाला दोन मिनिटं)

एकच उपाय करणार असाल तर हा करा.

एंटर दाबण्याआधी उत्तर काय असेल ते कागदावर लिहा. चुकीचं असलं तरी चालेल, अर्धवट चालेल, ‘बहुतेक व्हेअरमध्ये काहीतरी’ एवढंही चालेल. शेजारी दहापैकी खात्रीचा आकडा लिहा. मग विचारा.

यामागे दोन कारणं आहेत. पहिलं, स्वतः काढलेली गोष्ट वाचलेल्या गोष्टीपेक्षा जास्त लक्षात राहते. स्लामेका आणि ग्राफ यांनी १९७८ मध्येच साध्या शब्दांच्या जोड्या वापरून हे दाखवलं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. उत्तर समोर आलं की मन लगेच म्हणतं, ‘हो, मला हेच वाटत होतं.’ कागदावर लिहिलेलं नसेल तर ही थाप पकडायची कशी? म्हणून मनातला अंदाज मी धरत नाही. शाईने लिहा.

खात्रीचा आकडा महिनाभर साठवला की खरी मजा येते. माझीच गोष्ट सांगते. विंडो फंक्शनच्या (ओळी तशाच ठेवून आजूबाजूच्या ओळींवर हिशेब, जसं चढती बेरीज) प्रश्नांना मी डोळे झाकून आठ-नऊ लिहायचे. महिन्याअखेर ताडून पाहिलं तर निम्मे अंदाज चुकलेले. कारण शोधलं तेव्हा कळलं की चढत्या बेरजेबद्दल माझा एक समज मुळातच कच्चा होता. ओव्हरमध्ये (हिशेब कुठल्या ओळींवर ते सांगणाऱ्या भागात) नुसतं ऑर्डर बाय, म्हणजे ओळींचा क्रम, दिलं की डेटाबेस एक-एक ओळ मोजत असेल असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात आपण काही सांगितलं नाही तर तो रेंज धरतो, क्रमात बरोबरीच्या ओळी एकत्र मोजतो. म्हणजे एकाच तारखेच्या दोन ओळी आल्या तर दोन्हींसमोर एकच बेरीज दिसते. इतकी वर्षं काम करून हे माझ्या नजरेतून सुटलं होतं, कारण चालणारी क्वेरी मिळाली की मी पुढे जात होते. आठ आकडा लिहिला नसता तर मी हे कधी शोधलंच नसतं.

तपासणी ४: टूलला उत्तर देण्यापासून अडवा (खर्च: एकदा चार ओळी लिहिणं)

लोक हा उपाय सर्वांत आधी करतात आणि काम झालं समजतात. म्हणून मुद्दाम चौथा ठेवलाय. सूचना साधी आहे:

‘मला थेट उत्तर देऊ नकोस. आधी माझा अंदाज विचार. चूक कुठल्या भागात आहे एवढंच सांग. मी दोनदा चुकल्यावरच पुढचा इशारा दे.’

याने फरक पडतो का? पडतो, पण मर्यादित. तुर्कस्तानात एका माध्यमिक शाळेतल्या सुमारे हजार मुलांवर गणिताचा प्रयोग झाला, तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. साधा एआय हाताशी असलेल्या मुलांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी वाढली. एआय काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा तीच मुलं, ज्यांना एआय कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. तिसऱ्या गटाला नुसते इशारे देणारा एआय दिला होता. त्यांची सरावातली कामगिरी तर १२७ टक्क्यांनी वाढली, आणि परीक्षेतलं नुकसान जवळजवळ भरून निघालं. पण नीट वाचा: नुकसान टळलं, परीक्षेत फायदा झाला नाही. इशाऱ्यांनी खड्डा चुकतो, चढ आपल्यालाच चढावा लागतो.

व्यवहारात ही सूचना दोन ठिकाणी फसते. लांबलेल्या गप्पांत टूल ती हळूहळू सोडून देतं, तेव्हा नवी खिडकी उघडून पुन्हा द्या. आणि संध्याकाळी सहा वाजता आपणच लिहितो, ‘बरं, आता उत्तर दे.’ यावर माझ्याकडे औषध नाही.

तपासणी ५: झाकून सांगा, पण लगेच नाही (खर्च: दुसऱ्या दिवशीची दहा मिनिटं)

काल शिकलेली गोष्ट आज खिडकी बंद ठेवून मोठ्याने सांगा. घरात कुणी ऐकायला असेल तर उत्तम, नसेल तर फोनवर रेकॉर्ड करा. ‘म्हणजे ते आपोआप होतं’ किंवा ‘ते काहीतरी जुळवून घेतं’ अशी वाक्यं जिथे येतील, तिथे टाकी रिकामी आहे. २००२ मध्ये रोझेनब्लिट आणि कील यांनी लोकांना चेन, कुलूप, संडासाची टाकी असल्या रोजच्या वस्तू कशा चालतात ते किती समजतं असं विचारलं. लोकांनी स्वतःला भरघोस गुण दिले. मग टप्प्याटप्प्याने समजावून लिहायला सांगितलं, आणि लिहिता लिहिता त्यांनीच आपले गुण कमी केले. दुसऱ्या कुणी त्यांना खोटं पाडायची गरजच पडली नाही.

दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं, कारण वाचल्यावर लगेच सांगितलं तर आपण डोळ्यांसमोर तरळणारं वाचून दाखवत असतो. नेल्सन आणि डनलॉस्की यांना १९९१ मध्ये दिसलं की ‘हे मला आठवेल का’ हा अंदाज थोडा वेळ जाऊ दिल्यावर केला तर कितीतरी अचूक येतो. आणि झाकून आठवणं ही नुसती तपासणी नाही, दुरुस्तीही आहे. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा दोनदा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी ८१ टक्के आठवलं. एकदा वाचून एकदा न बघता आठवणाऱ्यांना ७५. आठवड्याने पारडं फिरलं: दोनदा वाचणारे ४२ वर, आठवणारे ५६ वर. पाच मिनिटांनी जिंकणारी पद्धतच आपल्याला चांगली वाटते, गोम तिथेच आहे.

तपासणी ६: कोऱ्या पानावरून, आणि अट बदलून (खर्च: अर्धा-पाऊण तास)

इथपर्यंत पाठांतरावरही निभावतं. गाईड घोकून पास झालेली पिढी आहोत आपण, झाकून सांगणं आपल्याला जमतं. अट बदलली की मात्र पाठांतराचं पितळ उघडं पडतं.

एका मुलीचं काम असं होतं: सगळ्या शाखा आणि त्यांची मार्चमधली विक्री दाखवायची, विक्री झाली नसेल तरी शाखा दिसली पाहिजे. शाखा चाळीस होत्या. तिने लेफ्ट जॉइन (दुसऱ्या तक्त्यात जोडी नसली तरी पहिल्यातली प्रत्येक ओळ ठेवणारा) लावला, मार्चची अट व्हेअरमध्ये, म्हणजे जॉइननंतरच्या चाळणीत, टाकली आणि तेहतीस शाखा आल्या. कारण ज्या शाखेची विक्रीच नाही तिच्यासमोर तारीख नल, म्हणजे रिकामी, येते, नलची मार्चशी तुलना ‘खरी’ ठरत नाही, ओळ गळते. लेफ्ट जॉइन नावापुरता उरतो. टूलने तिला अट ऑनमध्ये, म्हणजे तक्ते कशावर जोडायचे त्या भागात, हलवायला सांगितलं, तिने हलवली, चाळीस आल्या. ‘समजलं ताई.’

पुढच्या शनिवारी मी तिला कोऱ्या पानावर तेच करायला सांगितलं. अट तिने पुन्हा व्हेअरमध्ये टाकली, पण या वेळी हुशारीने जोड दिली: ‘तारीख मार्चमधली, किंवा तारीख नल.’ आकडा एकोणचाळीस. तिला वाटलं डेटात चूक असेल. मी म्हटलं, हरवलेली एक शाखा शोध. वीस मिनिटं लागली. त्या शाखेत फेब्रुवारीत विक्री होती, मार्चमध्ये नव्हती. म्हणजे जॉइन तर झाला, तारीखही आली, पण ती ना मार्चची ना नल. दोन्ही अटींमधून शाखा निसटली. अट जॉइनच्या आधी लागते की नंतर, हा सगळा खेळ तिला त्या वीस मिनिटांत दिसला. टूलने हेच आठवड्यापूर्वी तीन नीटस वाक्यांत सांगितलं होतं आणि तिने ते वाचलंही होतं.

म्हणून ही तपासणी करताना आधीचंच उदाहरण पुन्हा सोडवू नका. महिना बदला, तक्ता वाढवा, एक वाकडी नोंद घाला. वाकडी नोंद टूलकडून मागितली तरी चालेल: ‘माझी क्वेरी कुठल्या डेटावर फसेल ते सांगू नकोस, फक्त तसा डेटा दे.’ एआयचा इतका चांगला उपयोग मला दुसरा सापडलेला नाही.

तपासणी ७: आठवड्यातला एक तास हाताने (खर्च: एक तास, आणि थोडी चिडचिड)

आधी येत होतं आणि आता जातंय, अशा अनुभवी लोकांसाठी ही तपासणी. पोलंडमधल्या चार केंद्रांत मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीत एआय आल्यानंतर काय झालं ते २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं: एआय न वापरता केलेल्या तपासण्यांत गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ वर आलेलं दिसलं. ही निरीक्षणं आहेत, कारण एआयच असं ठामपणे म्हणता येत नाही. पण ते अनुभवी डॉक्टर होते. आठवड्यातून एक खरं पण बिनघाईचं काम निवडा आणि ते टूलशिवाय करा. कुठे हात थांबला त्या जागा लिहा. पुढच्या आठवड्याचे ‘शिकायचंय’चे विषय तुम्हाला तिथेच मिळतात.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

तपासणी ३ ते ६ एकाच विषयावर तीन वेळा करूनही अट बदलली की तिथेच पडत असाल, तर थांबा. खालची वीट निसटलेली आहे आणि ती कुठली हे तुम्हाला आतून दिसणार नाही. टूललाही बहुतेक दिसत नाही, कारण ते तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतं आणि तुमचा प्रश्नच चुकीच्या जागी असतो. सीनियरचा किंवा शिक्षकांचा एक तास मागा. समोर बसलेलं माणूस तुमचा हात कुठे थबकतो ते बघतं.

एआयच्या उत्तरात चूक असू शकते हे माहीत आहे, पण ती कुठे असेल हे सांगता येत नाही, आणि काम पैशाचं, प्रकृतीचं, कोर्टाचं किंवा चालू डेटाबेसमधून नोंदी उडवायचं असेल, तर तिथे शिकायचे प्रयोग नकोत. सीए, डॉक्टर, वकील, डेटाबेस सांभाळणारा माणूस, ज्याचं त्याला विचारा. शिकणं नंतर, डेटाच्या कॉपीवर.

साहेबांनी कामं दुप्पट केल्यामुळे अंदाज लिहायला दोन मिनिटंही मिळत नसतील, तर वरची एकही तपासणी लागू होणार नाही. वहीतले शिक्के घेऊन साहेबांकडे जा. ‘मला शिकायला वेळ नाही’ यापेक्षा ‘महिन्यात एकच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, एवढा वेळ गेला’ हे त्यांना पटकन कळतं.

आणि विसरणं, लक्ष न लागणं फक्त एआयच्या कामापुरतं नसेल, स्वयंपाकात, गाडी चालवताना, माणसांशी बोलतानाही होत असेल, झोप उडाली असेल आणि हे काही आठवडे चाललं असेल, तर हा तो बिघाडच नाही. डॉक्टरांकडे जा. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ वर आहे.

मदत मागायला जाताना तीन गोष्टी बरोबर न्या: तुमचा लिहिलेला अंदाज, आलेलं उत्तर आणि हात थांबला ती ओळ. माझ्याकडे शनिवारी येणार असाल तर वही-पेन आणा. लॅपटॉपही आणा हवं तर, पहिला अर्धा तास तो पिशवीतच राहतो.